एकच जप्त घर आणि अनेक धनको: पैसे कोणाला, किती आणि कोणत्या क्रमाने

प्रश्नकर्त्याने सांगितलेली परिस्थिती थोडक्यात अशी आहे. त्यांनी एका परिचिताला व्यवसायासाठी हातउसने पैसे दिले, ते परत न आल्याने दावा लावला, १८ लाख रुपयांचा हुकूमनामा (न्यायालयाचा अंतिम निर्णय) मिळवला आणि दरखास्त, म्हणजे त्याच्या अंमलबजावणीचा अर्ज, दाखल करून ऋणकोचे, म्हणजे पैसे देणे असलेल्या त्या परिचिताचे, शहरातील राहते घर जप्त करून घेतले. त्यानंतर काही महिन्यांत त्याच घरावर हक्क सांगणारे आणखी चौघे समोर आले: १२ लाखांचा हुकूमनामा असलेला मालाचा पुरवठादार, तडजोडीने ६ लाखांचा हुकूमनामा मिळवलेला ऋणकोचा मेहुणा, घराची मूळ कागदपत्रे ठेवून घेऊन कर्ज दिलेली बँक आणि जप्तीच्या आधीच साठेखत (विक्रीचा करार) झाले असे म्हणणारा एक खरेदीदार. ‘घर मी सर्वांच्या आधी जप्त केले, तर पहिला हक्क माझाच ना?’ असे ते विचारतात.

याचे उत्तर ‘नाही’ असे आहे. दरखास्तीच्या कामात माझी बरीच वर्षे गेली आहेत आणि पक्षकाराच्या मनातला सर्वांत घट्ट गैरसमज हाच असतो, हे मी अनुभवाने सांगतो. जप्तीमुळे घराची मालकी बदलत नाही आणि जप्ती करणाऱ्याच्या नावे घरावर बोजाही चढत नाही. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मधील आदेश २१ नियम ५४ खाली निघणारा जप्तीचा हुकूम ऋणकोला एवढेच बजावतो की, त्याने ती मिळकत कोणाच्या नावे करू नये, आणि इतरांना बजावतो की, त्यांनी अशा हस्तांतरणाचा लाभ घेऊ नये. जप्तीच्या दिवशी ऋणकोचा त्या घरात जेवढा हक्क शिल्लक होता तेवढाच हक्क त्या दिवशी गोठतो. आधीच दुसऱ्याला दिलेला हक्क जप्तीने परत येत नाही, आणि नंतर दिलेला हक्क संहितेच्या कलम ६४ प्रमाणे जप्तीखालील दाव्यांपुरता निरर्थक ठरतो. त्यामुळे या सर्व भांडणात ‘आधी कोण आले’ यापेक्षा ‘कोणाचा हक्क कोणत्या प्रकारचा आणि कोणत्या तारखेचा’ हे आधी पाहावे लागते.

चौघांपैकी बँक आणि साठेखतवाला हे घरातच आपला हक्क आहे असे म्हणतात, तर पुरवठादार आणि मेहुणा यांचा हक्क तुमच्यासारखाच केवळ पैशांचा आहे. पहिल्या दोघांचा निकाल लागल्याशिवाय वाटण्यासाठी किती उरते हेच कळत नाही, म्हणून त्यांच्यापासून सुरुवात करतो.

बँकेने हक्कपत्रे ठेवून घेऊन कर्ज दिले असेल, तर ते मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ५८(च) खालील गहाण आहे आणि त्यासाठी नोंदणीकृत गहाणखत असावेच लागते असे नाही. गहाण जप्तीच्या आधीचे असेल, तर तुमची जप्ती त्या गहाणाच्या मागे उभी राहते. जप्ती झाल्यावर ऋणकोने कागदपत्रे बँकेकडे नेऊन ठेवली असतील, तर कलम ६४ मुळे ते गहाण तुमच्याविरुद्ध चालत नाही. सारा वाद एका तारखेवर येऊन थांबतो, म्हणून बँकेने नुसते ‘आमचे गहाण जुने आहे’ म्हटले एवढ्यावर समाधान मानू नये. कर्ज मंजुरीचे पत्र, कागदपत्रे जमा केल्याची नोंद आणि प्रत्यक्ष पैसे दिल्याची तारीख न्यायालयात मागवून घ्यावी. महाराष्ट्रात २०१३ पासून अशा गहाणाची सूचना, जिला व्यवहारात ‘नोटीस ऑफ इंटिमेशन’ म्हणतात, ३० दिवसांत नोंदणी कार्यालयात द्यावी लागते. अलीकडच्या कर्जाच्या बाबतीत सूची दोनचा, म्हणजे नोंदणी कार्यालयातील दस्तांच्या यादीचा, शोध घेतला की ही तारीख बहुधा हाती लागते. बँकांच्या गहाणांची नोंद ‘सरसाई’ या केंद्रीय नोंदणी व्यवस्थेतही होते, तीही पाहावी.

बँकेचे गहाण जुने निघाले, तर न्यायालयाच्या लिलावात दोन वाटा असतात. एक, घर गहाणाच्या बोजासकट विकायचे. मग खरेदीदार बँकेचे कर्ज डोक्यावर घेऊन येतो, बोली तेवढी खाली येते, आणि दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ७३ च्या परंतुकाप्रमाणे त्या विक्रीतून उरलेल्या रकमेत बँकेला गहाणदार म्हणून वाटा मिळत नाही. दोन, बँकेच्या संमतीने घर बोजामुक्त विकायचे आणि बँकेचा हक्क घरावरून विक्रीच्या रकमेवर आणायचा. मी नेहमी दुसऱ्या वाटेचा आग्रह धरतो. बोजा असलेल्या घरावर सामान्य कुटुंब बोली लावायला धजत नाही, बोलीदार दोन-तीनच राहतात आणि नुकसान शेवटी मागे उभ्या असलेल्या धनकोंचेच होते. बँकेच्या वकिलांशी लिलावाच्या जाहीरनाम्याआधी बोलणी करून संमतीची पुरसिस (लेखी निवेदन) दाखल करून घेतली, तर सर्वांचे भले होते. जाहीरनाम्यात मात्र, आदेश २१ नियम ६६ प्रमाणे, घरावरील बोजा स्पष्ट लिहिलेला हवाच; तो लपवला गेला तर पुढे विक्रीच अडचणीत येते.

बँक न्यायालयात न येता स्वतःच घर विकू शकते, ही गोष्ट मात्र बऱ्याच जणांच्या लक्षात राहत नाही. सरफेसी कायदा, २००२ च्या कलम १३(२) खाली ६० दिवसांची नोटीस देऊन, नंतर ताबा घेऊन बँक स्वतः लिलाव करते आणि कलम ३४ मुळे दिवाणी न्यायालयाला त्यात सहसा हात घालता येत नाही. दिवाणी न्यायालयाची जप्ती बँकेच्या जुन्या गहाणाला थोपवू शकत नाही. अशा वेळी मनाई हुकमाच्या मागे वेळ घालवण्यापेक्षा उरणाऱ्या रकमेवर लक्ष ठेवावे. कलम १३(७) प्रमाणे बँकेचा खर्च आणि येणे भागल्यावर उरलेली रक्कम ज्याचा त्यावर हक्क असेल त्याला द्यावी लागते. जप्तीच्या आदेशाची प्रत जोडून बँकेच्या प्राधिकृत अधिकाऱ्याला लेखी कळवा, आणि त्याच दिवशी दरखास्तीत आदेश २१ नियम ४६ व ४६-क खाली अर्ज करून ती शिल्लक रक्कम ऋणकोला देऊ नये असा हुकूम बँकेवर घ्या. हे दोन कागद वेळेवर गेले नाहीत म्हणून लाखोंची शिल्लक ऋणकोच्या खात्यात जाऊन दिसेनाशी झाल्याची प्रकरणे मी पाहिली आहेत.

साठेखतवाल्याचा प्रश्न अधिक नाजूक आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचे कलम ५४ सांगते की, विक्रीच्या करारामुळे मिळकतीत हक्क निर्माण होत नाही, आणि धनकोचे वकील तेवढ्यावरच थांबतात. परंतु जप्तीच्या आधीचा करार खरा असेल, तर ऋणकोवर ते घर त्या खरेदीदाराला देण्याचे बंधन आधीच आलेले असते आणि जप्ती करणाऱ्याला ऋणकोपेक्षा जास्त हक्क मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये स्पष्ट केले आहे. पुढे २००२ च्या दुरुस्तीने कलम ६४ ला पोटकलम (२) जोडले गेले. जप्तीच्या आधी केलेला आणि नोंदवलेला करार असेल, तर त्या कराराप्रमाणे जप्तीनंतर झालेले खरेदीखत कलम ६४ मुळे बाद होत नाही. खरेदीखतच जप्तीच्या आधी लिहून सही झालेले आणि नोंदणी मात्र नंतर झालेली असेल, तर नोंदणी अधिनियमाच्या कलम ४७ प्रमाणे ते लिहिल्याच्या तारखेपासून अमलात येते, म्हणून तेही जप्तीला मागे टाकते.

म्हणून साठेखत आले म्हणजे सर्व संपले असे मानू नका. ते नोंदवलेले आहे का, मुद्रांक कोणत्या तारखेला घेतला, मोबदला बँकेतून गेला की ‘रोख पावला’ एवढेच लिहिले आहे, ताबा कोणाकडे आहे, वीजबिल कोण भरतो, या प्रत्येक गोष्टीचा पुरावा मागा. आदेश २१ नियम ५८ खाली हरकत घेणाऱ्याचा हक्क, मालकी आणि हितसंबंध यांचा संपूर्ण निवाडा दरखास्त चालवणारे न्यायालयच करते, त्यासाठी वेगळा दावा लावावा लागत नाही, आणि त्या निवाड्याला हुकूमनाम्याचे बळ असल्यामुळे त्यावर अपील होते. विक्री होऊन गेल्यावर आलेली किंवा मुद्दाम उशिरा आणलेली हरकत न्यायालय दाखलच करून घेत नाही. आणि तपासाअंती साठेखत खरे निघाले, तर त्याच साठेखताचा उपयोग करून घ्या: खरेदीदाराने अजून जी रक्कम ऋणकोला द्यायची आहे, ती ऋणकोचे येणे आहे आणि ती जप्त होऊ शकते. घर हातचे गेले तरी उरलेला मोबदला न्यायालयात जमा करण्याचा हुकूम मिळवता येतो. साठेखताला वर्षभर निष्फळ विरोध करणाऱ्या धनकोंना हा मार्ग सुचवला की बहुतेक वेळा खरेदीदारही राजी होतो, कारण त्यालाही निर्वेध घर हवे असते.

आता तुम्ही, पुरवठादार आणि मेहुणा. तिघांचेही हुकूमनामे पैशांचे, एकाच ऋणकोविरुद्धचे. येथे कलम ७३ लागू होते आणि त्याचा नियम प्रमाणशीर वाटपाचा आहे. समजा, बँकेच्या बोजासकट घर २५ लाखांना विकले गेले. वसुलीचा खर्च १ लाख वजा जाता २४ लाख उरले. तिघांचे येणे १८, १२ आणि ६ मिळून ३६ लाख, म्हणजे प्रत्येकाला आपल्या येण्याच्या दोन तृतीयांश मिळेल: तुम्हाला १२ लाख, पुरवठादाराला ८ लाख, मेहुण्याला ४ लाख. जप्ती तुम्ही केली, बेलिफाबरोबर तुम्ही फिरलात, जाहिरातीचा खर्च तुम्ही भरला, तरी त्यामुळे मिळते ते एवढेच की वसुलीचा खर्च आधी वेगळा काढला जातो. हे अन्यायाचे वाटते, पण कायद्याने येथे धावण्याच्या शर्यतीला मुद्दाम नकार दिला आहे.

ही समानता मात्र एका अटीवर उभी आहे. वाटा मागणाऱ्याने रक्कम न्यायालयाच्या हाती येण्याआधी, ज्या न्यायालयाच्या हाती ती येणार त्याच न्यायालयात, आपल्या हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीसाठी दरखास्त दाखल केलेली हवी. वरच्या उदाहरणात मेहुण्याची दरखास्त उशिरा आली, तर २४ लाख दोघांतच वाटले जातील: तुम्हाला १४ लाख ४० हजार, पुरवठादाराला ९ लाख ६० हजार आणि मेहुण्याला काहीच नाही. लिलावात बोली मान्य होताच खरेदीदाराने २५ टक्के रक्कम भरायची असते आणि उरलेली १५ दिवसांत. ‘रक्कम आली’ ती नेमकी कोणत्या दिवशी, यावर वकील तासन्तास वाद घालतात. तो वाद ओढवून घेण्यात शहाणपण नाही. गहाणाच्या हुकूमनाम्याखाली घर विकले जात असेल, तर उरलेल्या रकमेतील वाट्यासाठी अर्ज थेट विक्रीच्याच आधी केलेला हवा. म्हणून माझा शिरस्ता असा की लिलावाची तारीख लागण्याच्या आधीच कलम ७३ चा अर्ज नोंदला गेला पाहिजे. वकिलीच्या सुरुवातीच्या काळात एका पक्षकाराने हुकूमनाम्याची नक्कल मिळायला उशीर होतो आहे म्हणून मला थांबायला सांगितले आणि मी थांबलो. लिलावाची पूर्ण रक्कम जमा झाल्यानंतर आमचा अर्ज गेला आणि तो फेटाळला गेला. त्या माणसाचा हुकूमनामा आजही कागदावरच आहे, आणि ती चूक माझी होती.

पुरवठादाराचा हुकूमनामा दुसऱ्या न्यायालयाचा असेल आणि त्यानेही तेच घर जप्त केले असेल, तर कलम ६३ प्रमाणे दोघांतील वरच्या दर्जाचे न्यायालय विक्री आणि वाटप पाहते; दर्जा समान असेल तर ज्या न्यायालयाच्या हुकूमनाम्याखाली जप्ती आधी झाली ते. पहिल्या जप्तीला महत्त्व आहे ते येथे, कोणत्या न्यायालयात काम चालेल हे ठरवण्यापुरते. पुरवठादार तुमचा प्रतिस्पर्धी असला तरी त्याच्या वकिलाला मी सांगेन की त्याने आपला हुकूमनामा कलम ३९ खाली त्या न्यायालयात वर्ग करून घेऊन तेथेच दरखास्त लावावी. दावा चालू असतानाच आदेश ३८ नियम ५ खाली निकालापूर्वीची जप्ती मिळवलेल्या माणसानेही सावध राहावे. हुकूमनामा झाल्यावर नियम ११ प्रमाणे पुन्हा जप्ती करावी लागत नाही हे खरे, पण दरखास्त नसेल तर त्या जप्तीच्या आधारे वाटपात बसता येत नाही.

आणखी एक धोका असा की दुसऱ्याच्या जप्तीच्या आडोशाला निवांत राहू नये. कलम ६४ च्या स्पष्टीकरणात जप्तीखालील दाव्यांत प्रमाणशीर वाटपाचा दावाही येतो, म्हणून पुरवठादाराला वाटते की तुमची जप्ती त्यालाही सांभाळील. पण तुम्ही उद्या ऋणकोशी बाहेरच तडजोड करून पैसे घेतले आणि जप्ती उठली, तर न्यायालयाच्या हाती वाटण्यासारखे काहीच येत नाही आणि पुरवठादाराचे संरक्षण त्याच क्षणी संपते. म्हणून प्रत्येक धनकोने स्वतःची जप्ती करून घ्यावी. तुमच्यासाठी याचीच दुसरी बाजू आदेश २१ नियम ५७ मध्ये आहे. जप्तीनंतर कोणत्याही कारणाने दरखास्त काढून टाकली गेली, अगदी एका तारखेला गैरहजर राहिल्यामुळेही, तर जप्ती चालू राहील की नाही हे न्यायालयाने त्या आदेशात लिहायचे असते. ते लिहायचे राहिले तर जप्ती संपली असे कायदा मानतो. मधल्या काळात ऋणकोने घर विकले तर ते टिकते. जप्तीच्या आदेशाची प्रत दुय्यम निबंधकांकडे पोहोचली आहे का आणि मिळकत पत्रिकेवर तिची नोंद झाली आहे का, हे स्वतः जाऊन पाहा. ‘सरसाई’मध्येही जप्तीच्या आदेशाचा तपशील दाखल करण्याची सोय आहे.

मेहुण्याच्या हुकूमनाम्याबद्दल तुमच्या मनात जो संशय आहे तो रास्त असू शकतो. नात्यातल्या माणसाला तडजोडीचा हुकूमनामा मिळवून देऊन वाटप पातळ करण्याची युक्ती जुनी आहे. परंतु दरखास्त चालवणारे न्यायालय हुकूमनाम्याच्या मागे जाऊन तो खरा की खोटा हे तपासत नाही. त्यासाठी तो हुकूमनामा संगनमताने व फसवणुकीने मिळवला आहे असे ठरवून मागणारा स्वतंत्र दावा लावावा, आणि त्या दाव्यात मेहुण्याचा वाटा न्यायालयातच राखून ठेवण्याचा अंतरिम हुकूम मागावा. वाटप होऊन गेले असले तरी, हक्क नसलेल्या माणसाला पैसे गेले असतील तर ते परत मिळवण्याचा दावा कलम ७३(२) खाली लावता येतो. ऋणकोने जप्तीआधीच घर किंवा दुसरी मिळकत धनकोंना चुकवण्यासाठी नातलगाच्या नावे केली असेल, तर मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचे कलम ५३ आहे, आणि तो दावा सर्व धनकोंच्या वतीने लावावा लागतो.

सरकारची थकबाकी मध्ये आली, तर कलम ७३(३) सरकारचा हक्क राखून ठेवते, आणि बिनतारण धनकोंच्या पुढे सरकारी कर येतो हे सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये मान्य केले आहे. तारण असलेल्या धनकोची स्थिती वेगळी आहे: सरफेसी कायद्याचे कलम २६-ङ २४ जानेवारी २०२० पासून अमलात आले, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने ऑगस्ट २०२२ मध्ये ‘सरसाई’त नोंदलेल्या तारणाला राज्याच्या विक्रीकर थकबाकीच्या पुढे स्थान दिले. तुमच्यासारख्या बिनतारण धनकोसाठी याचा अर्थ असा की बँक आणि सरकार यांच्यातील क्रम कसाही लागला तरी दोघेही तुमच्या पुढे असू शकतात. शहरातील घरावरचा महापालिकेचा थकीत मालमत्ता कर हा त्या घरावरचाच बोजा असतो, तोही आधी मोजून ठेवावा.

ऋणकोने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि तो दाखल करून घेतला गेला, तर चित्र बदलते. प्रांतिक दिवाळखोरी अधिनियम, १९२० च्या कलम ५१ प्रमाणे त्या तारखेआधी विक्रीतून जी रक्कम हाती आली असेल तेवढीच जप्ती करणाऱ्या धनकोंना टिकवता येते. बाकीचे प्राप्तकर्त्याकडे, म्हणजे दिवाळखोराची मिळकत सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाते. ऋणको एखाद्या कंपनीच्या कर्जाचा वैयक्तिक हमीदार असेल, तर १ डिसेंबर २०१९ पासून त्याला नादारी व दिवाळखोरी संहिता लागू होते आणि तिच्या कलम ९६ खालील अंतरिम स्थगिती तुमची दरखास्तही थांबवते.

लिलावात घर स्वतःच विकत घेण्याचा तुमचा विचार असेल, तर आदेश २१ नियम ७२ प्रमाणे न्यायालयाची परवानगी आधी घ्यावी लागते. परवानगी मिळाली तरी आपल्या १८ लाखांची वजावट बोलीच्या किमतीतून पूर्ण मिळेल असे धरू नका. ही वजावट कलम ७३ च्या अधीन आहे, म्हणजे पुरवठादार आणि मेहुणा यांचा वाटा तुम्हाला रोख भरावा लागेल. ही रक्कम हाताशी नसताना बोली लावणाऱ्याची २५ टक्के अनामत धोक्यात येते. शिवाय विक्री झाल्यावरही ६० दिवसांच्या आत ऋणको जाहीरनाम्यातील रक्कम आणि खरेदीदारासाठी किमतीच्या ५ टक्के भरून नियम ८९ खाली विक्री रद्द करून घेऊ शकतो, आणि नियम ९० खाली गैरप्रकाराची तक्रार वाटपाचा हक्कदार धनकोही करू शकतो.

पुढच्या तारखेपूर्वी तुम्ही तीन गोष्टी हाती घ्याव्यात असे मला वाटते. सूची दोन आणि ‘सरसाई’चा शोध घेऊन बँकेच्या गहाणाची तारीख आपल्या जप्तीच्या तारखेशेजारी मांडा. साठेखतवाल्याच्या हरकतीवर लेखी म्हणणे देताना, हरकत मान्य झालीच तर त्याच्याकडील उरलेला मोबदला न्यायालयात जमा करावा, ही पर्यायी मागणी त्यातच लिहा. आणि वाटपाचा अर्ज पुरवठादाराच्या आधी जावो वा नंतर, दरखास्त कोणत्याही तारखेला गैरहजेरीत निघणार नाही याची तजवीज वकिलांकडून लेखी करून घ्या.